पॉइंटच्या बुलेटमध्ये प्लगचा गॅप वाढवावा का?

प्रश्न : रानवाट
वडिलांनी घेतलेली १२ व्होल्टची, पॉइंट-कंडेन्सरची (उघडझाप करणाऱ्या संपर्काने कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पद्धतीची) स्टँडर्ड ३५० बुलेट मी अजूनही नियमित चालवतो. सपाटीवर आणि स्लोवर इंजिन एकसारखे चालते. मात्र खंबाटकी घाटात, मागे माणूस बसलेला असताना, तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण पिळला की गाडी मिसिंग करू लागते, म्हणजे मध्येमध्ये मिश्रण पेटतच नाही, आणि थोडा सोडला की पुन्हा नीट ओढते. प्लगचा गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांमधले अंतर) ०.५ मिलीमीटर भरला. आमच्याकडील मेकॅनिकच्या मते तो ०.९ पर्यंत उघडावा, म्हणजे ठिणगी मोठी पडून ताकद वाढेल. शिवाय कारची कॉइल (बॅटरीचे व्होल्टेज वाढवून प्लगला देणारा भाग) आणि इरिडियम प्लगही बसवावा. खर्चाची माझी तयारी आहे, परंतु आधी कारण समजून घ्यावे असे वाटते.

उत्तर : टॅपेट
गॅप वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठिणगी पडण्यासाठी किती व्होल्टेज लागेल, हे दोन टोकांमधील अंतरावर आणि त्यांच्यामधील वायूच्या घनतेवर ठरते. मोकळ्या हवेत एक मिलीमीटरला साधारण ३,००० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले गेलेले असल्याने त्याच अंतराला कितीतरी अधिक लागतात. स्लोवर मिश्रण थोडेच आत शिरते, म्हणून अशक्त इग्निशनचेही निभावते. चढावर सिलिंडर पूर्ण भरतो आणि तेच इग्निशन अपुरे पडते. आपण सांगितलेली लक्षणे नेमकी याच जातीची आहेत. अशा वेळी गॅप ०.९ केला तर मिसिंग वाढेल, आणि प्लगमधून जाऊ न शकलेला करंट जुन्या केबलमधून किंवा कॅपमधून बाहेर निसटू लागेल, जे रात्रीच्या अंधारात निळसर ठिणग्यांच्या रूपाने दिसतेही.

मोठ्या गॅपचा फायदा खोटा नाही. ज्वालेची सुरुवात मोठी होते आणि पातळ मिश्रणही खात्रीने पेटते. आधुनिक कारमध्ये १ मिलीमीटरच्या आसपासचे गॅप असतात ते यामुळेच, पण तिथे तेवढे व्होल्टेज देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असते. शिवाय जे मिश्रण प्रत्येक वेळी पेटतच आहे, त्यातून मोठी ठिणगी जास्तीची ताकद काढू शकत नाही.

एक सोपी चाचणी करून पाहावी. गॅप तात्पुरता ०.४ वर आणून तोच घाट तेवढ्याच वजनाने चढावा. मिसिंग गेले किंवा कमी झाले, तर दोष इग्निशनचा आहे. काहीच फरक पडला नाही, तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (अॅक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर पेट्रोल सोडणारे छिद्र) आणि पेट्रोलचा पुरवठा तपासावा.

उत्तर : जुना फिटर
वरील उत्तराशी मी सहमत आहे. पॉइंटचा गॅप, म्हणजे तो संपर्क पूर्ण उघडल्यावरचे अंतर, ०.३५ ते ०.४० मिलीमीटर असावा. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजली की हा गॅप कमी होतो आणि टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, मागे पडते. म्हणून आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, हा क्रम कधीही उलटा करू नये. पॉइंटची तोंडे जळून खडबडीत झाली असतील तर पॉइंटसोबत कंडेन्सरही (पॉइंट उघडताना तिथली ठिणगी आवरणारा भाग) बदलावा, कारण बहुतेकदा तोंडे जाळणारा तोच असतो.

कारची कॉइल घेताना फार जपावे लागते. पॉइंटसाठी बनलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी (बॅटरीकडच्या गुंडाळीचा) रोध ३ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे पॉइंटमधून सुमारे ४ अँपिअर जातात. इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठीची १.५ ओहमची कॉइल लावली की तोच आकडा ८ वर जातो आणि पॉइंट लवकर जळतात. काही खरेदी करण्याआधी पॉइंट मिटलेले ठेवून बॅटरीवरचे आणि कॉइलच्या टर्मिनलवरचे व्होल्ट मोजावेत. जुन्या स्विचमध्ये आणि गंजलेल्या जोडांमध्येच बरेचसे हरवलेले असतात.

रानवाट
दोघांचेही मनापासून आभार. ०.४ वर मिसिंग जवळजवळ थांबले. बॅटरीवर १२.४ आणि कॉइलवर १०.८ व्होल्ट मिळाले. वायरिंग आणि पॉइंट दुरुस्त करून घेतो. त्यानंतर पॉइंटऐवजी बसणारे इलेक्ट्रॉनिक किट आणि इरिडियम प्लग घेण्यात काही अर्थ उरतो का?

उत्तर : टॅपेट
दीड व्होल्टहून अधिक तूट ही फार मोठी आहे. ती आधी काढावी आणि गॅप पुन्हा ०.५ करावा. किटचा अर्थ निश्चित आहे, पण तो ताकदीसाठी नाही. घासणारा भाग नसल्यामुळे टायमिंग आज लावले तसेच राहते, हा त्याचा खरा लाभ. कंपनीनेही पुढे इलेक्ट्रा मॉडेलमध्ये पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले होते. किट बसवताना ऑटो अॅडव्हान्सची (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) वजने मोकळी हलतात ना आणि त्यांच्या स्प्रिंगा सैल पडलेल्या नाहीत ना, हे अवश्य पाहावे, आणि किटवाले सांगतील त्याच रोधाची कॉइल व रेझिस्टर कॅप वापरावी. त्यानंतर गॅप ०.६ करून पाहण्यास हरकत नाही.

इरिडियम प्लगचे मधले टोक बारीक, काही प्लगांत ०.६ तर काहींत ०.४ मिलीमीटर जाडीचे असते, त्यामुळे कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. तो घेतल्यास गॅप लावताना फक्त बाहेरची पट्टी वाकवावी, मधल्या टोकावर टेकवून काहीही उचकटू नये. हीट रेंजही (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो ते सांगणारा आकडा) जुनीच ठेवावी. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये नेमके उलट, आणि कंपनी बदलताना इथेच गफलत होते.

उत्तर : जुना फिटर
एक पुरवणी. पॉइंट बिघडताना बहुधा आधी सूचना देतात, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मात्र चालता चालता एकदम बंद पडू शकते. म्हणून नव्या पॉइंटची प्लेट कंडेन्सरसह टूलबॉक्समध्ये ठेवावी, आणि किट घेताना ती परत बसवता येईल असेच किट निवडावे.