सांद्रारनं ब्राझीलला ब्राझील दाखवलं का?

गोदाकाठ (नांदेड):
फ्रेंच कवी ब्लेझ सांद्रार फेब्रुवारी १९२४ मध्ये ब्राझीलला गेला. माझं मत स्पष्ट आहे : तो आला नसता, तर साओ पाउलोची आधुनिकतावादी मंडळी पॅरिसच्या नकलेतच अडकली असती. ईस्टरच्या आठवड्यात कवी ओस्वाल्द दे आंद्रादे, कवी मारियो दे आंद्रादे आणि चित्रकार तार्सिला त्याला घेऊन मिनास जेराइसच्या जुन्या खाणगावांत फिरले. तिथली निळी-गुलाबी घरं, रंगवलेली चर्चं पाहिली आणि चित्रकला शिकताना ‘गावंढळ’ म्हणून बाजूला ठेवलेले रंग तार्सिलाच्या चित्रांत परत आले.

अक्षरवाट (अंबाजोगाई):
दादा, तारखा लावून बघा. साओ पाउलोचा आधुनिक कला सप्ताह १९२२चा. मारियो १९१९ मध्येच मिनासला जाऊन आला होता. ओस्वाल्दचा ‘पाऊ-ब्राझील’ हा कवितेचा जाहीरनामा १८ मार्च १९२४चा, मिनासची फेरी एप्रिलमधली. आपल्याकडंही १८१९ साली जॉन स्मिथला अजिंठा ‘सापडला’ म्हणतात. वाघोरा नदीच्या खोऱ्यातल्या माणसांना लेणी काय ठाऊक नव्हती?

शिवाय ओस्वाल्दची रीत बघा. कामिन्या या पोर्तुगीजानं १५०० साली ब्राझीलहून राजाला लिहिलेलं पत्र तो घेतो, चार ओळी उचलतो, तोडून कवितेसारख्या मांडतो आणि वर आजचं शीर्षक ठेवतो. किनाऱ्यावरच्या आदिवासी मुलींचं वर्णन, शीर्षक मात्र ‘स्टेशनवरच्या मुली’! सगळा झटका शीर्षकात आहे. तिथं साधं ‘किनाऱ्यावर’ असतं तर नुसता उतारा उरला असता.

गोदाकाठ:
जाहीरनामा निघाला तेव्हा सांद्रार ब्राझीलमध्येच होता, आणि ओळख तर १९२३ची, पॅरिसमधली. तुमच्याच तारखा माझ्या बाजूनं बोलतात. ओस्वाल्दचं ‘पाऊ ब्राझील’ हे कवितांचं पुस्तक १९२५ मध्ये पॅरिसलाच निघालं, तेही आदल्या वर्षी सांद्रारच्या प्रवासकविता काढणाऱ्याच प्रकाशनाकडून. दोन्हींत तार्सिलाचीच रेखाटनं, आणि ‘पाऊ ब्राझील’ अर्पण सांद्रारला.

अक्षरवाट:
पॅरिस मुद्दाम निवडलं. पाऊ-ब्राझील हे लाल रंग देणारं लाकूड, त्या देशाचा पहिला निर्यातमाल. ओस्वाल्दला कविताही तशीच बाहेर पाठवायची होती. मुखपृष्ठावर ब्राझीलचा झेंडा आहे, पण मधलं ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ काढून तिथं पुस्तकाचं नाव छापलंय. हा शिष्याचा हात नव्हे.

बांधावरून (परभणी):
तुम्ही दोघं देवघेव मोजताय, पण माल कुणाचा? सांद्रारला बोलावणारा पाउलो प्रादो कॉफीचा बडा व्यापारी, तार्सिला कॉफीमळेवाल्यांच्या घरातली, जन्म १८८६. गुलामी कायद्यानं संपली १८८८ मध्ये. सांद्रारच्या त्याच प्रवासकवितांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिच्या ‘आ नेग्रा’ चित्रातली काळी बाई आहे : जाड ओठ, हातावर ओघळलेला एक स्तन. या सगळ्या व्यवहारात त्या बाईचं एक वाक्य नाही. औरंगाबादहून निघालेल्या ‘अस्मितादर्श’ या दलित साहित्याच्या नियतकालिकानं ज्यांच्याविषयी इतर लिहीत होते त्यांच्याच हाती पानं दिली. मी तो निकष लावतो.

अक्षरवाट:
निकष मान्य, आणि ‘आ नेग्रा’बद्दल तुमचं बरोबर आहे. पण १९२४ मध्येच रिओच्या मदुरेरा उपनगरात कार्निव्हलसाठी लाकडी आयफेल टॉवर उभा केला होता, तार्सिलानं तो रंगवला. पॅरिस उचलून आपल्या रस्त्यात रोवणं त्या वस्तीला कुणा कवीनं शिकवलं नव्हतं.