शब्दचर्चा: 'ग्रेन रिफाइनमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी ॲल्युमिनियमच्या ओतकामावर मराठीत टिपणं लिहिते आहे. वितळलेल्या मिश्रधातूत अल्ट्रासॉनिक (श्राव्यातीत) कंपनं सोडली की तो गोठताना त्याचे ग्रेन, म्हणजे आतले स्फटिकांचे तुकडे, बारीक होतात, त्या भागाशी अडले. एका भाषांतरात 'श्राव्यातीत कण शुद्धीकरण' असं सापडलं. कानाला खटकतंय. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद

ताई, 'शुद्धीकरण' आधी खोडा. ए३५६ हा ओतकामाचा मिश्रधातू घ्या. सात टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन, थोडं मॅग्नेशियम, बाकी मुख्यतः ॲल्युमिनियम. ग्रेन बारीक झाले तरी हे प्रमाण तेच राहतं, म्हणजे शुद्ध काहीच झालेलं नसतं. त्यात घोळ असा की याच कंपनांनी रसातला, म्हणजे वितळलेल्या धातूतला, हायड्रोजनही बाहेर पडतो. वितळलेलं ॲल्युमिनियम गोठताना त्याची हायड्रोजन धरून ठेवण्याची ताकद सुमारे वीसपटीने घटते आणि उरलेला वायू आत छिद्रं करतो. तो आधीच काढून टाकणं हे खरं शुद्धीकरण. म्हणजे एकाच यंत्राची दोन कामं, आणि शब्द चुकीच्या कामाला चिकटलेला! मुलं परीक्षेत हमखास गोंधळतील.

फाउंड्रीत आम्ही सरळ 'दाणा बारीक करणे' म्हणतो. सुपरवायझरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद

'दाणा'ला माझं अनुमोदन, आणि 'कण'ला ठाम विरोध. कारण याच विषयात खरेखुरे कणही आहेत. नेहमीच्या पद्धतीत रसात ॲल्युमिनियम-टायटॅनियम-बोरॉनचा मास्टर अलॉय (रसात मिसळायचा तयार मिश्रधातू) टाकतात. त्यातल्या टायटॅनियम डायबोराइडच्या सूक्ष्म कणांवर नवे स्फटिक धरतात. आता हे वाक्य वाचा: 'कणांमुळे कण बारीक होतात.' कोणते कोणामुळे? 'डायबोराइडच्या कणांमुळे दाणा बारीक होतो' म्हटलं की प्रश्नच मिटतो.

पुस्तकी शब्द हवा असेल तर 'स्फटिककण' चालेल, पण व्याख्या द्या: ज्या तुकड्यात अणूंच्या रांगा एकाच दिशेने लागलेल्या असतात तो एक दाणा. दिशा बदलली की दाण्याची सीमा आली. बारीक दाणा म्हणजे जास्त सीमा, आणि सीमा जास्त म्हणजे धातू वाकवायला जास्त जोर. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये हे पोलादात दाखवलं. ओतीव ॲल्युमिनियमला आणखी एक मोठा लाभ होतो: गोठताना तडे जाण्याचं प्रमाण घटतं.

'रवा' हा शब्दही माझा लाडका आहे. तूप सावकाश निवलं की रवाळ होतं, धातूही सावकाश गोठला की दाणा जाड होतो. तुपात तो हवा असतो, पिस्टनमध्ये नको.

विचारणा करणारी

'दाणा' पक्का. पण मग कंपनांनी रसात जे 'कॅव्हिटेशन' होतं, त्याचं काय? कोशात 'पोकळीभवन' आहे.

प्रतिसाद

सर्वांत धोक्याची जागा हीच. ओतकामात 'पोकळी' ऐकलं की माणसाला दोनच गोष्टी सुचतात: एक साच्याची पोकळी, दुसरी कास्टिंगमधला दोष. 'रसात पोकळीभवन घडवून आणतात' हे वाक्य वाचून कुठलाही ओतारी विचारेल, दोष मुद्दाम कशाला घालता?

त्यापेक्षा काय घडतं ते लिहा. रसात बुडवलेला दांडा सेकंदाला साधारण वीस हजार वेळा कापतो. दाब क्षणभर घसरतो, तिथे सूक्ष्म बुडबुडे धरतात, आणि दाब परतताच ते फुटतात. त्या धक्क्याने दोन गोष्टी होतात. रसातल्या ऑक्साइडच्या बारीक कचऱ्याला एरवी रस लागत नाही, तो आता नीट भिजतो आणि स्फटिक धरायला जागा मिळते. आणि रस गोठू लागला असेल तर झाडासारखे फांद्या फुटलेले कोवळे स्फटिक मोडतात, त्यांचे तुकडे नव्या दाण्यांचं बीज होतात. म्हणून तापमानाला फार महत्त्व. ए३५६ गोठायला सुरुवात ६१५ अंश सेल्सियसच्या जवळपास होते; तिथपर्यंत रस उतरत असताना कंपनं दिली तर दाण्यावर चांगला परिणाम दिसतो. खूप तापलेल्या रसात वायू निघेल, दाण्याचा फायदा मात्र बराचसा वाया जाईल.

मी 'बुडबुडे धरणे-फुटणे' लिहीन आणि एकदा 'कॅव्हिटेशन' देईन. सोव्हिएत काळात गेओर्गी एस्किन यांनी या विषयावर पायाभूत काम केलं. त्यांच्या कामातही सगळा भर या बुडबुड्यांवरच आहे. तेव्हा शब्द स्पष्ट हवा.

प्रतिसाद

'अल्ट्रासॉनिक' एकटं सोडू नका. फाउंड्रीत त्याचा अर्थ टेस्टिंग: तयार कास्टिंगवर प्रोब फिरवून आतला दोष शोधणं. तिथे कंपनं सेकंदाला लाखोंच्या घरात आणि ताकद अगदी कमी. इथे वारंवारता त्या मानाने कमी, पण जोर प्रचंड. 'रसावर श्राव्यातीत प्रक्रिया' असं लिहिलंत तर 'रसावर' या एका शब्दाने फरक कळतो. 'स्वनातीत' मात्र टाळा. तो आवाजापेक्षा वेगवान विमानांसाठी रूढ आहे.

'श्राव्यातीत' म्हणजे ऐकू येत नाही, असंही मुलांना वाटू देऊ नका. दांडा रसात उतरला की बुडबुड्यांची तीक्ष्ण खरखर चांगली ऐकू येते. कानाला संरक्षण लावूनच उभं राहायचं, हे टिपणात ठळक छापा.

विचारणा करणारी

असं लिहिलंय: 'श्राव्यातीत प्रक्रियेत रसात कंपनं सोडतात. बुडबुडे धरतात, फुटतात. त्यामुळे स्फटिकांना जास्त बीजं मिळतात आणि गोठलेल्या धातूचा दाणा बारीक होतो.' दांड्याला 'सोनोट्रोड'च ठेवू का?

प्रतिसाद

ठेवा, पहिल्या वेळी 'कंपनदांडा' जोडून. आणि तो कशाचा असतो तेही सांगा. पोलाद वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये झिजत, विरघळत जातं आणि रसात लोह मिसळतं. टायटॅनियम बरं, पण तेही हळूहळू विरतं. नायोबियम जास्त टिकतं.