दोन मेल सर्व्हर, रेप्लिकेशन चालू केल्यापासून मेल डबल येतायत

टॉवेल_सोलापूर:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथलं मेलचं काम माझ्याकडं असतं. लाईट सारखी जाते म्हणून मागच्या आठवड्यात पुण्यात दुसरा सर्व्हर उभा केला, म्हणजे पहिल्याच व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून आयपी बदलला आणि डवकॉट 2.3 (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्राम) चं रेप्लिकेशन, म्हणजे दोन्हीकडचे मेल आपोआप सारखे ठेवणं, चालू केलं. दोन दिवस बरं चाललं, आता डिस्पॅचच्या मॅडमनी डिलीट केलेले मेल परत येतायत, एकच ऑर्डर तीन तीनदा दिसतीय, परवा त्यापायी एकच माल दोनदा पॅकिंगला लागला. लॉगमधे सिंक लॉकचा टाइमआउट येतोय, म्हणजे सिंक करताना मेलबॉक्स धरून ठेवायचं कुलूप वेळेत मिळत नाही. फायरवॉल बघितली, पोर्ट उघडं आहे, पासवर्ड दोन्हीकडं सेम. काय राहिलंय कळंना झालंय.

होटगीरोडकर:
दोन्ही मशीनवर होस्टनेम -एफ ही कमांड मारून मशीनचं पूर्ण नाव बघा की आधी. क्लोन केलाय म्हणजे नाव तेच राहिलं असणार. पोस्टफिक्सच्या (मेल पाठवणारा प्रोग्राम) लॉगमधे ‘ग्रीटेड मी विथ माय ओन होस्टनेम’, म्हणजे समोरच्यानं माझंच नाव सांगितलं, असं दिसतंय का?

टॉवेल_सोलापूर:
होय ओ, दोन्हीकडं एकच नाव! ती ओळ पण आहे, मी डीएनएसची (नावावरनं आयपी शोधायची) भानगड समजून सोडून दिलेली. पण आयपी वेगळा असताना नावानं एवढं बिघडतं?

होटगीरोडकर:
बिघडतं. एकाच युजरचं सिंक दोन्हीकडनं एकदम सुरू झालं तर लॉक कुणी धरायचं हे डीसिंक (डवकॉटचा सिंक करणारा भाग) दोघांच्या नावांवरनं ठरवतो, नावं सारखीच असली तर ठरवणार कशावरनं? आता आधी बॅकअप घ्या आणि रेप्लिकेशन थांबवा. मग पुण्याच्या मशीनचं नाव होस्टनेमसीटीएल कमांडनं बदला, पण तेवढ्यावर थांबू नका, होस्ट्स फाईलमधे 127.0.1.1 ची ओळ जुन्याच नावाची राहते ती बदला, पोस्टफिक्सचं मायहोस्टनेम सेटिंग बदला, क्लाउड-इनिट (मशीन चालू होताना सेटिंग बसवणारा प्रोग्राम) असेल तर प्रिझर्व्ह होस्टनेम ट्रू करा नाहीतर रीबूट झाला की जुनं नाव परत बसतं. डवकॉट पूर्ण रीस्टार्ट करा, रीलोडवर भागवू नका.

लिनक्सवाली:
क्लोनचा मशीन-आयडी (मशीनचा ओळख क्रमांक) पण नवा करून घ्या, तो सेम असला तर डीएचसीपीत, म्हणजे आपोआप आयपी मिळण्यात, घोळ होतो. डबल झालेले मेल हातानं काढत बसू नका, डवअ‍ॅडमला (डवकॉटची कमांड) डीड्युप्लिकेट आहे, त्याला -एम लावलं की मेसेज-आयडीवरनं जुळवतो. एकाच मेलबॉक्सवर करून बघा आधी, कारण ते खरंच उडवतं. आणि एक, डवकॉट 2.4 मधनं हे रेप्लिकेशन काढून टाकलंय, त्यामुळं घाईनं अपग्रेड मारू नका.

टॉवेल_सोलापूर:
दोघांचे मनापासून आभार. होस्ट्स फाईल खरंच राहिली असती. संध्याकाळी मॅडमना शेजारी बसवलं, त्यांनी एक मेल डिलीट केला, दहा मिनिटं दोघं इनबॉक्सकडं बघत बसलो, परत आला नाही. डीड्युप्लिकेट माझ्या बॉक्सवर चालवलंय, बाकीच्यांचं रविवारी सुट्टीला करतो.