हाय टी म्हणजे नक्की काय असतं? इंग्रज खरंच रोज असलं खायचे?

गिरगावचा_गण्या:
आईच्या पंचाहत्तरीला हौसेने तिला एका मोठ्या हॉटेलात हाय टीला नेलं. तीन मजली स्टँड आला, खाली बोटभर काकडीची सँडविचेस, मध्ये स्कोन (छोटे गोडसर पाव), वर इवल्याशा पेस्ट्र्या. चहा वेगळा, दूध वेगळं, साखर वेगळी. आईने सगळं कपात एकत्र केलं, एक घोट घेतला आणि हळूच म्हणते, "अरे, हे उकळायलाच विसरले वाटतं." मग बिल बघून मी उकळलो. तर प्रश्न असा की हा प्रकार इंग्रजांकडे खरंच असतो की आपल्याला गंडवायला काढलाय? आणि चहा आपण त्यांच्याकडून घेतला की त्यांनी आपल्याकडून?

ठाणे_स्लो_लोकल:
तुम्ही खाल्लंत तो हाय टी नाहीच हो, तो आफ्टरनून टी. बेडफर्डची डचेस ॲना, १८४० च्या आसपासची गोष्ट, तेव्हा बड्या घरात रात्रीचं जेवण आठला वगैरे व्हायचं आणि बाईंना चार-पाचला भूक लागायची, म्हणून चहाबरोबर ब्रेड-बटर मागवायला लागल्या आणि मग मैत्रिणींना पण बोलवायला लागल्या, तिथून ती फॅशन पसरली असं सांगतात. हाय टी म्हणजे कामगारांचं जेवण. गिरणीतून, खाणीतून माणूस सहाला घरी आला की कडक चहा आणि सोबत मांस, ब्रेड, चीज, पाय (pie, म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ) असं पोटभर. मी उत्तर इंग्लंडात लीड्सला होतो तेव्हा शेजारच्या आजींनी "सहाला टीला ये" म्हटलं, मी आपला बिस्किटाच्या हिशोबाने घरून वरणभात जेवून गेलो, तर समोर मटार, बटाटे आणि हा एवढा पाय! नाही म्हणता येईना. उत्तरेत अजूनही बरेच लोक रात्रीच्या जेवणाला टीच म्हणतात.

जुनी_मुंबई:
इतिहासात तर मुंबईच आहे मध्ये. इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सने १६६२ ला पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न केलं, तिला चहाचं वेड, तिच्यामुळे दरबारात चहा मिरवायला लागला. आणि त्याच लग्नात मुंबई आंदण गेली! पुढे १६६८ ला राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला १० पौंड भाड्याने. पण चहा तिनेच इंग्लंडात आणला असं जे फॉरवर्ड फिरतं ते चूक. १६५८ मध्येच लंडनच्या पेपरात चहाची जाहिरात आली होती, आणि सॅम्युअल पेप्स या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याने सप्टेंबर १६६० च्या डायरीत लिहिलंय की आज पहिल्यांदा चहा प्यायलो.
सामान्य माणसाला मात्र परवडत नव्हता. टॅक्स चढत चढत ११९ टक्क्यांवर गेला, मग काय, जोरात स्मगलिंग आणि भेसळ, भलत्याच झाडांची पानं वाळवून रंगवून विकायचे. १७८४ ला पंतप्रधान पिटने टॅक्स १२.५ टक्क्यांवर आणला तेव्हा स्मगलरचं दुकान बसलं. तोवर सगळा चहा चीनचा बरं का. आसामचा पहिला चहा लंडनमध्ये लिलावाला आला जानेवारी १८३९ मध्ये, फक्त ८ पेट्या. आपल्याकडे घरोघरी चहा गेला तो बराच नंतर, विसाव्या शतकात मळेवाल्यांनी फुकट कप वाटून वाटून सवय लावली. आपण त्यात दूध-साखर-मसाला ढकलून पत्ती कमी टाकतो म्हणून तेच नंतर कुरकुरत होते 😄

कटिंग_दोन:
ते कुरकुरणारच. त्यांच्यात दूध आधी की चहा आधी यावरून घराघरात वाद. १९८० मध्ये तर चहा करायचं ब्रिटिश स्टँडर्ड निघालं, १०० मिलीला २ ग्रॅम पत्ती, ६ मिनिटं मुरवायची. ते खरं तर चव तपासणाऱ्यांसाठी आहे पण वाचून करमणूक होते.
आणि बशीतून पिणं गावंढळ वगैरे कोणी म्हटलं तर सांगा, सुरुवातीला त्यांचे कप बिनकानाचे चिनी वाडगे असायचे आणि तिकडेही लोक बशीत ओतून गार करून प्यायचे. आमचे आजोबा लालबागला चाळीच्या गॅलरीत बसून बशी दोन्ही हातांनी धरायचे, आधी फुंकर, मग सुर्रर्र. तिसऱ्या खोलीपर्यंत ऐकू जायचं.

ठाणे_स्लो_लोकल:
वाद घालतात पण प्यायचं सोडत नाहीत. युद्धात १९४० ला रेशन लागलं, माणशी आठवड्याला २ औंस म्हणजे ५७ ग्रॅम, ते सुटलं थेट १९५२ ला. आणि १९९० च्या फुटबॉल वर्ल्ड कपात पश्चिम जर्मनीविरुद्ध सेमीफायनल पेनल्टीवर हरले, तर मॅच संपल्या संपल्या २८०० मेगावॅट वीज एकदम जास्त खेचली गेली, त्यात मोठा वाटा किटल्यांचा. दुःखात पण आधी आधण.

गिरगावचा_गण्या:
सगळ्यांना थँक्यू. आईला मुंबई आंदण गेल्याचं वाचून दाखवलं. म्हणाली, "अख्खं गाव घेतलं, मग चहा तरी नीट उकळून द्यायचा." आत्ता आलं किसतेय, जातो.