मदत हवी आहे : पोषण आहाराचा तांदूळ आजीजवळ देता येते का?

नमस्कार, मी गडचिरोली जिल्ह्यात झेडपी शाळेवर शिक्षक आहे. 2020 च्या कोरोना लॉकडाऊनमुळं शाळेत शिजवणं बंद, म्हणून तांदूळ अन् डाळ पालकांना कोरडीच वाटून राहिलो, पहिली ते पाचवीला रोजचा 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150, तसा शाळेचे दिवस मोजून हिशोब केला. पण 9 लेकरांचे मायबाप मिरची तोडाले तेलंगणात गेले ते तिकडंच अडकले, लेकरं आजीजवळ आहेत. फोन लागत नाही. वर विचारलं तर म्हणे पालकाचीच सही पाहिजे. लेकराच्या तोंडचा घास सहीपायी अडावा हे मले पटत नाही, अन् पोत्याले सोंडे लागायच्या आत वाटायचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांसमोर आजीचा अंगठा घेतला तर ऑडिटले चालते का? कोणी दिलं असंन तर रजिस्टरात नोंद कशी केली?