मदत हवी आहे: जळगाव जिल्ह्याचा डेटा कुठे मिळेल? तातडीचे आहे

यावलची_लेक
नमस्कार. प्रोजेक्टसाठी जळगाव जिल्ह्याचा २०१० पासूनचा डेटा हवा आहे. सरकारी साइटवर शोधून दमले. एक तर पान उघडत नाही, उघडलं तर मधले महिने रिकामे. संशोधनाचे पेपर सापडतात ते पैसे मागतात. सरांना शनिवारी रूपरेषा द्यायची आहे. माहीत असेल त्यांनी थेट सांगा, "गूगल करा" नको.

आकडेमोड
कसला डेटा? पाऊस, सोनं, कापूस, बँकेच्या ठेवी? मासिक की वार्षिक? आणि कोणती साइट उघडत नाही?

चोपडेकर_७२
भाऊ, जनगणनेची जिल्हा पुस्तिका बघा. गावनिहाय सगळं आहे. २०११ ला जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ होती. प्रोजेक्टची सुरुवात याच आकड्याने करा, परीक्षकांवर छाप पडते.

यावलची_लेक
भाऊ नाही, ताई. लोकसंख्या नको आहे. केळीचा डेटा हवा. जळगाव म्हटल्यावर अजून काय असणार! बाजारभावाचा. अ‍ॅगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या साइटवर पाहिलं, आवक इतकी कमी दाखवतात की विश्वास बसत नाही. आमच्या एका गावातून जेवढे ट्रक निघतात तेवढाही माल तिथे दिसत नाही.

आकडेमोड
हे आधी सांगायचं ना, ताई. दोन गोष्टी तपासा. एक, तिथे 'केळी' आणि 'हिरवी केळी' अशा दोन वेगळ्या जिनसा आहेत. एकच निवडली तर अर्धं चित्र दिसतं. दोन, तीन भाव असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शेवटचा म्हणजे ज्या भावाने जास्तीत जास्त माल विकला गेला तो, क्विंटलला. तोच घ्या, किमान-कमालची सरासरी काढत बसू नका. पणन मंडळाच्या साइटवरही बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात, एकात रिकामा दिवस दुसऱ्यात सापडतो कधी कधी. पण अजून कळलं नाही, या भावातून तुम्हाला सिद्ध काय करायचंय?

धुळेकर_संशोधक
माझा अनुभव ऐका. मी खान्देशावर काम केलं तेव्हा फसगत झाली ती जिल्ह्यांच्या हद्दींमुळे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या धुळ्याच्या आकड्यात नंदुरबार मिसळलेलं आहे. त्याआधी पूर्व आणि पश्चिम खान्देश, हे दोन जिल्हे १९०६ चे. मुळापासून करायचं असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसा. १८८० च्या गॅझेटिअरचा खान्देश खंडही चाळा, शेती आणि व्यापारावर भरपूर आहे.

आकडेमोड
सर, ताईंना २०१० पासूनचं हवं आहे, तेही जळगावचं. १८८० कशाला?

धुळेकर_संशोधक
पार्श्वभूमी लागते. पार्श्वभूमीशिवाय अर्थशास्त्र म्हणजे नुसते तक्ते.

रावेर_केळीबाग
मी शेतकरी आहे, प्रोजेक्टमधलं कळत नाही, पण आवक कमी का दिसते ते सांगतो. आमची केळी बाजार समितीच्या आवारात येतच नाही. व्यापारी बागेत येतो, कापणी होते, बांधावर काटा होतो, ट्रक तिथूनच दिल्लीच्या वाटेला लागतो. आवारात आलंच नाही तर वहीत कुठून येणार? आणि भाव एक नसतो. नवतीचा (नव्या लागवडीचा) वेगळा, पिलबागचा (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाचा) वेगळा, कांदेबागेचा (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या बागेचा) वेगळा, वापसीचा (नाकारलेल्या मालाचा) सगळ्यात खाली. जाहीर झालेला भाव आणि हातात पडलेला भाव यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. प्रोजेक्ट त्यावर करा, पोरी. बाकी कोणी लिहीत नाही.

पारोळ्याचा_भाऊ
बराबर शे. केळीना भाव बऱ्हाणपूरले ठरस, साइटवर नही.

ग्रंथपाल_ताई
केळीबाग दादांचं खरं आहे, त्यात एक कायद्याची बाजूही आहे. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. आवाराबाहेरच्या विक्रीवर बाजार समितीचं नियंत्रण राहिलं नाही. म्हणजे २०१० ते आजपर्यंत एकच सलग रेघ ओढली तर २०१६ च्या आधीची आणि नंतरची आवक एका मापाने मोजता येणार नाही. रूपरेषेत हे एका परिच्छेदात लिहा, नाहीतर तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येईल.

पैसे मागणाऱ्या पेपरबद्दल: तुमचं कॉलेज सरकारी आहे का? 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची नियतकालिकांची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत, पण ती केंद्र-राज्य सरकारच्या संस्थांसाठी.

यावलची_लेक
खासगी अनुदानित आहे. एम.कॉम. दुसरं वर्ष. सर म्हणाले, "आमच्याकडे नाही, बाहेर बघ." आणि विषय: शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि दिल्लीच्या आझादपूर घाऊक बाजारातला भाव यातली तफावत. मला वाटलं मी हे वर लिहिलं आहे.

ग्रंथपाल_ताई
नव्हतं लिहिलं, पण आता रस्ता दिसतो. तुमच्या ग्रंथपालांकडून शिफारसपत्र घ्या आणि जळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा. तिथे बसून वाचता येतं का, तेवढं आधी फोन करून विचारा. शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या साइटवर केळीच्या विपणनावरचे प्रबंध आहेत, ते सगळ्यांना मोफत. निष्कर्ष उचलू नका, प्रश्नावली आणि संदर्भसूची बघा, पुढचे दहा पेपर तिथून मिळतात. उरलेल्या पेपरच्या लेखकाला सरळ ई-मेल करा. बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात.

स्मार्ट_स्टडी_भुसावळ
एवढं फिरायची गरज काय? एआयला विचारा, पाच मिनिटांत संदर्भांसह रूपरेषा तयार. मी तेच केलं.

ग्रंथपाल_ताई
कृपा करून असं सांगू नका. मुलं माझ्याकडे अशी यादी घेऊन येतात आणि त्यातले लेख अस्तित्वातच नसतात. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, लेख मात्र कधी लिहिलाच गेला नाही. मुलीचं वर्ष पणाला लागतं.

स्मार्ट_स्टडी_भुसावळ
प्रत्येक संदर्भ उघडून बघायचा, एवढं साधं आहे. साधनाला दोष कशाला?

आकडेमोड
तो वाद वेगळ्या धाग्यावर घाला. ताई, तुमच्या विषयाला हात घालणारा एक मोफत अभ्यास आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या संशोधन निबंधमालेत फळांच्या मूल्यसाखळीवर, म्हणजे शेतापासून ग्राहकापर्यंतच्या टप्प्यांवर, निबंध आला. द्राक्ष, केळी आणि आंबा. ग्राहकाच्या एका रुपयातले शेतकऱ्याला केळीत सुमारे ३१ पैसे, द्राक्षात ३५, आंब्यात ४३. बँकेच्या साइटवर पीडीएफ आहे. तुमचा प्रश्न असा मांडा: देशाचं चित्र ३१ पैसे, रावेर-यावलचं किती? याला २०१० पासूनचा डेटा लागतच नाही. दोन हंगाम नीट मिळाले तरी पुरे. लांबची तुलना केलीच तर घाऊक किंमत निर्देशांकाने भाव समपातळीवर आणा, म्हणजे महागाईचा फरक निघून जातो.

धुळेकर_संशोधक
दोन हंगामांवर निष्कर्ष? अवकाळी आला, वादळाने बागा आडव्या झाल्या की सगळा भाव फिरतो. किमान दहा वर्षं हवीत.

आकडेमोड
पीएच.डी. असती तर मान्य केलं असतं. एम.कॉम. ला शनिवार गाठायचा आहे.

चोपडेकर_७२
विप्रोची सुरुवात १९४५ ला अमळनेरला वनस्पती तुपापासून झाली, यावर कोणी प्रोजेक्ट का करत नाही? कंपनीचे वार्षिक अहवाल सगळे खुले असतात. केळीपेक्षा सोपं पडेल.

यावलची_लेक
काका, विषय मंजूर झाला आहे. बदलणार नाही. माझे वडील केळीच लावतात.
@आकडेमोड, निबंध उतरवला, अगदी हाच प्रश्न आहे. आझादपूरचा भाव अ‍ॅगमार्कनेटवर मिळाला. तालुक्यातलं केळीखालचं क्षेत्र कुठे मिळेल? आणि बांधावरचा भाव कुठून आणू? तो कोणत्याच साइटवर नाही.

ग्रंथपाल_ताई
क्षेत्रासाठी 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' बघा. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं प्रकाशन, तालुकानिहाय तक्ते असतात. साइटवर जुने अंक नसतील तर जळगावच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयात अर्ज द्या. जाहीर भावांसाठी वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली, रोजचे केळीभाव छापून येतात.

रावेर_केळीबाग
बांधावरचा भाव आमच्याकडे आहे. काटापट्ट्या, म्हणजे वजन-दराच्या चिठ्ठ्या, मी टाकत नाही, तारखेसकट ठेवतो. गावात अजून पाच-सहा जण ठेवतात. येऊन फोटो काढून घे, फक्त आमचं आणि व्यापाऱ्याचं नाव कुठे छापायचं नाही. तुझ्या वडिलांकडेही असतील, आधी घरात विचार.

यावलची_लेक
दादा, पट्टीवर त्या दिवसाचा जाहीर भाव लिहिलेला असतो का?

रावेर_केळीबाग
नाही. वजन, दर आणि रक्कम, एवढंच. तारीख धरून वर्तमानपत्रातल्या भावाशी जुळवावं लागेल. नवती की पिलबाग ते मला तोंडपाठ आहे, सांगत जाईन. रविवारी ये, इतर दिवशी कापणी चालू आहे.

यावलची_लेक
येते. शनिवारी सरांना हाच आराखडा देते: दोन हंगाम, काटापट्ट्या, पेपरातले भाव आणि आझादपूर.