मदत हवी आहे : डायलिसिस मोफत, पण वरचा खर्च कसा भागवावा?

नमस्कार. तासगाव तालुक्यात राहणाऱ्या माझ्या चुलत्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून मिरजेतील एका खाजगी रुग्णालयात त्यांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसल्यामुळे त्याचे बिल येत नाही. मात्र रक्तवाढीची इंजेक्शने, तपासण्या, गोळ्या आणि गाडीभाडे यांतच घर पोखरले जात आहे. इंजेक्शनचे पैसे रोख घेतले जातात आणि पावती म्हणून वहीच्या फाडलेल्या पानावर नुसता आकडा मिळतो. त्यावर ना शिक्का, ना बिल क्रमांक. द्राक्षाचे पैसे वर्षातून एकदा येतात, औषधांचे मात्र दर आठवड्याला जातात, त्यामुळे सोसायटीचे पीककर्जही त्यातच खर्ची पडले. काहीजण वर्गणी काढण्यास सुचवतात, पण ती एकदाच निघेल, हा खर्च कायमचा आहे.

धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही सवलत भरती न होणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णाला औषधांपुरती तरी मिळते का? त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुरेसा आहे, की शिधापत्रिकाही लागते? रक्तवाढीचे इंजेक्शन फुले योजनेच्या पॅकेजमध्ये (योजना भरते त्या ठरलेल्या उपचारखर्चात) धरलेले असते का, आणि असल्यास रुग्णालयाशी वितुष्ट न येता (डायलिसिस तेथेच करायचे आहे) तक्रार कोठे करावी? सांगली किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात डायलिसिस घेणाऱ्यांनी तेथील औषधांचा अनुभवही कृपया कळवावा.